दिनविशेष, १८ जुलै १९८० : रोहिणी कक्षेत

श्रीहरिकोट्याहून आजच्या दिवशी एसएलव्ही-३ झेपावले आणि ३५ किलोचा 'रोहिणी' उपग्रह कक्षेत पोहोचला. रॉकेट अवघे १७ टनांचे, उंची २२ मीटर. आदल्या वर्षी, १० ऑगस्टला, याच जातीचे पहिले रॉकेट दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेतील गळतीमुळे बंगालच्या उपसागरात कोसळले होते.

प्रकल्पप्रमुख अब्दुल कलाम सर्वांना ठाऊक असतात. सीमाभागाने मात्र आणखी एक नाव लक्षात ठेवावे : डॉ. वसंत गोवारीकर. निपाणीहून तासाभरावरच्या कोल्हापुरात ते शिकले, पुढे बर्मिंगहॅमला डॉक्टरेट केली आणि थुंब्याच्या रॉकेट केंद्रात घन इंधनावर काम केले. या उड्डाणावेळी ते विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक होते. एसएलव्हीचे चारही टप्पे घन इंधनाचेच!

पुढे रॉकेटे मोठी होत गेली. लहान उपग्रहांना मग मोठ्यांच्या सोबतीने जागा मिळेपर्यंत थांबावे लागे. ही अडचण दूर करण्यासाठी इस्रोने ५०० किलो वाहणारे एसएसएलव्ही हे छोटे रॉकेट बनवले. तेही ७ ऑगस्ट २०२२ ला पहिल्या खेपेस फसले. टप्पा विलग होतानाच्या कंपनांनी त्याच्या संवेदकांची दिशाभूल केली होती. १० फेब्रुवारी २०२३ च्या यशस्वी उड्डाणात देशभरातील ७५० मुलींनी घडवलेला 'आझादीसॅट-२' होता.