क्लिंगॉनमधलं मोठं शहर

‘स्टार ट्रेक’मधले क्लिंगॉन १९७९च्या पहिल्या चित्रपटात जेमतेम काही वाक्यं बोलतात. ती जेम्स डूहन या नटानं रचली होती. तिसऱ्या चित्रपटासाठी, म्हणजे १९८४च्या, मार्क ओक्रँड यांनी त्या मूठभर आवाजांवर अख्खं व्याकरण उभं केलं आणि १९८५मध्ये कोश छापला.

ओक्रँड यांची १९७७ची डॉक्टरेट मुत्सुन या कॅलिफोर्नियातल्या भाषेवरची. ती अस्खलित बोलणाऱ्या शेवटच्या बाई, आसेन्सियोन सोलोर्सानो, १९३०मध्येच वारल्या होत्या. हाताशी होती ती जे. पी. हॅरिंग्टन यांनी त्यांच्याकडून उतरून घेतलेली टिपणं. ही पार्श्वभूमी लक्षात ठेवू या.

आता नामाकडे वळू. इंग्रजीतलं ‘मोठं शहर’ शब्दाला शब्द ठेवून क्लिंगॉनमध्ये नेलं तर होतं ‘तिन वेङ’. फसलो! त्याचा अर्थ ‘शहर मोठं आहे’. तिथे विशेषण असं नाहीच. ‘तिन’ म्हणजे ‘मोठं असणे’ हे क्रियापद, आणि कर्ता क्रियापदाच्या मागून येतो. ‘मोठं शहर’ हवं तर ‘वेङ तिन’. आणि ‘मोठ्या शहरात’? आपण ‘मोठं’चं ‘मोठ्या’ करतो, पण ‘त’ लावतो तो शहरालाच. क्लिंगॉनमध्ये तो ‘डाक’ प्रत्यय घसरत शेवटच्या शब्दाला चिकटतो: ‘वेङ तिनडाक’. जणू ‘शहर मोठंत’.

मालकी मात्र आपल्याला घरची वाटते. ‘शस्त्राचं गुपित’ला ‘नुख पेग़’: आधी शस्त्र, मग गुपित, आपल्याच क्रमानं. फक्त चा-ची-चे गायब. इंग्रजीतल्या ‘ऑफ’वाल्या रचनेला इथे उलटी उडी मारावी लागते.

पण या जोडीतल्या पहिल्या नामाला ‘डाक’ लावता येत नाही. आपण ‘शहरातलं जहाज’ सहज म्हणतो. त्या ‘तलं’ची सोय क्लिंगॉनमध्ये नाही. ‘शहरात उभं असलेलं जहाज’ असं काहीतरी म्हणून क्रियापद आणावंच लागतं. वाक्यात कर्म आधी आणि कर्ता शेवटी, यावरच सगळे बोलतात. आम्हाला खरी गंमत या अडचणीत वाटते.

कोशात कल्पना अशी, की ही माहिती तिसऱ्या चित्रपटातल्या मॉल्ट्झ नावाच्या कैद्यानं दिली. पुढेही कुणी नियमाबद्दल शंका विचारली, की ओक्रँड मॉल्ट्झचा हवाला देऊन उत्तर देत. मुत्सुनवर काम करताना त्यांना असं विचारायला कुणीच नव्हतं.