ब्रिटिश वारशाची सहल धानोऱ्यातून काढायची तर?

मागच्या महिन्यात गावी, धानोऱ्याला गेलो होतो. संध्याकाळी गावातली कॉलेजला जाणारी पाच-सहा मुलंमुली ओट्यावर येऊन बसली. त्यांतल्या दोघी इंग्रजी विषय घेऊन बीए करतात, एक जण एमएच्या पहिल्या वर्षाला आहे. कॉलेजची सहल ठरत होती आणि सहलीचा विषय होता 'ब्रिटिश साहित्य आणि संस्कृतीचा वारसा'. यादी तयार होती. मुंबईचा राजाबाई टॉवर, एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय, जे. जे. कला महाविद्यालयाच्या आवारातली किपलिंगच्या जन्माची जागा. यादीत चूक काहीच नव्हती. पण एमएवाला पोरगा जरा नाराज होता. म्हणाला, "दादा, खरं तर लंडन, स्ट्रॅटफर्ड बघायला पाहिजे. आपल्याकडे काय आहे? पैसे नाहीत म्हणून मुंबई."

मी विचारलं, "शेक्सपिअर जिवंत असताना एक इंग्रज आपल्या नंदुरबारवरून गेला आणि त्याने ते लिहून ठेवलं, हे माहिती आहे का?"

कोणालाच माहिती नव्हतं. आणि खरं सांगतो, पीएचडीला लागेपर्यंत मलाही नव्हतं. मी वनस्पतिशास्त्राचा माणूस. सातपुड्यातल्या झाडांच्या जुन्या नोंदी शोधता शोधता गॅझेटियरमध्ये शिरलो आणि तिथून या कागदांपर्यंत पोचलो. तुम्ही संशोधनाच्या तयारीत असाल, तर हा लेख तुमच्यासाठी. सहलीचं संशोधन कसं होतं, ते आपल्याच रस्त्यावर चालून बघू.

पहिला कागद: १६१०

विल्यम फिंच हा ईस्ट इंडिया कंपनीचा व्यापारी. १६०८ मध्ये तो सुरतेला उतरला आणि १६१० मध्ये सुरतेहून आग्ऱ्याला निघाला. तेव्हाचा रस्ता सुरतेहून नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा करत बऱ्हाणपूरला जायचा. का? नकाशा काढून बघा. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सह्याद्रीचे फाटे, मधे तापीचं सपाट खोरं. बैलगाड्यांचे तांडे जाणार ते इथूनच. पाच वर्षांनी, १६१५ मध्ये, इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याचा वकील सर टॉमस रो जहांगीर बादशहाकडे निघाला, तोही याच वाटेने बऱ्हाणपूरला गेला. शेक्सपिअर वारला १६१६ मध्ये. म्हणजे ही मंडळी इथून जात होती तेव्हा तो हयात होता.

फिंचचं लिखाण १६२५ मध्ये सॅम्युएल पर्चस या पाद्र्याने प्रवासवर्णनांच्या मोठ्या संग्रहात छापलं. इंग्रजीच्या विद्यार्थ्यांना पर्चस हे नाव वेगळ्या कारणाने आठवेल. कोलरिजला 'कुब्ला खान' सुचली ती पर्चसचाच आधीचा एक ग्रंथ वाचता वाचता झोप लागली तेव्हा, असं त्याने स्वतः सांगितलं आहे. नंदुरबार आणि 'कुब्ला खान' यांच्यामध्ये एवढंच अंतर आहे.

आता हा कागद कसा वाचायचा? फिंच व्यापारी आहे. इथून तिथे किती कोस, गाव केवढं, किल्ला आहे का, पाण्याची सोय काय, वाटेत चोरांचं भय आहे का, हे त्याला हवं आहे. प्रयोगशाळेत आपण आधी विचारतो की हे उपकरण नेमकं काय मोजतं. तोच प्रश्न लेखकाला लावा. वजनकाट्याने तापमान मोजता येत नाही. फिंचच्या वहीतून इथल्या माणसांचं घरदार कळणार नाही.

गॅझेटियर: एकच पुस्तक, दोन प्रकारचा पुरावा

इंग्रजांची नंदुरबारला वखार १६६६ मध्ये झाली आणि १६७० मध्ये अहमदाबादची इंग्रज मंडळी इथे हलवली गेली, हे तुम्हाला गॅझेटियरमध्ये सापडेल. मी हे वाक्य माझ्या एका टिपणात 'गॅझेटियरनुसार' असं लिहून मोकळा झालो होतो. मार्गदर्शकांनी एवढंच विचारलं, "गॅझेटियर लिहिणारा १६६६ मध्ये होता का?" चांगलाच वरमलो.

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा बारावा खंड खानदेशाचा. जेम्स कॅम्पबेलच्या संपादनाखाली तो १८८० मध्ये निघाला. १८८० च्या खानदेशासाठी तो प्राथमिक साधन आहे. १६६६ साठी मात्र तो दुय्यम. तिथे त्याच्या तळटीपेतून मूळ कागदाकडे जावं लागतं. प्राथमिक की दुय्यम हे पुस्तकावर ठरत नाही, तुमच्या प्रश्नावर ठरतं. नेट-सेटची तयारी करताना व्याख्या पाठ करतो, पण हे असं चटका बसल्यावरच कळतं.

थाळनेरचा दरवाजा

नंदुरबारहून फिंचच्याच वाटेने पुढे गेलं की तापीकाठी थाळनेर लागतं. फारुकी सुलतानांची जुनी राजधानी. तिथे त्यांच्या कबरी आहेत, किल्ला आहे. सहलीत हे ठिकाण हवंच.

महिदपूरच्या लढाईत होळकर हरले आणि ६ जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहात इकडचा मुलूख कंपनीकडे गेला. २७ फेब्रुवारीला सर टॉमस हिस्लॉप फौज घेऊन थाळनेरला आला. किल्लेदार तुळशीराम मामा. किल्ला लगेच ताब्यात मिळाला नाही, तोफा चालल्या. मग काही इंग्रज अधिकारी थोड्या लोकांसह आतल्या दरवाजापर्यंत पोचले, तिथे झटापट झाली आणि मेजर गॉर्डन व कॅप्टन मॅकग्रेगर मारले गेले. त्यानंतर फौज आत घुसली, किल्ल्यातले जवळपास तीनशे लोक कापले गेले आणि किल्लेदाराला फाशी दिली गेली.

दरवाजात नक्की काय झालं? दगाफटका, की एकमेकांची भाषा न कळल्याने झालेला गोंधळ? ही शंका तेव्हाच्या इंग्रजांनाही आली होती. १८१९ मध्ये लंडनला संसदेत फौजेच्या आभाराचा ठराव आला, तेव्हा या फाशीवरून प्रश्न विचारले गेले, आणि आभार मानताना हे प्रकरण वेगळं ठेवलं गेलं. विचार करा, तापीकाठच्या एका दरवाजाबद्दल वेस्टमिन्स्टरमध्ये वाद झाला! संसदेचे ते वृत्तांत आज फुकट वाचता येतात, धानोऱ्यात बसून, मोबाइलवर. त्यासाठी व्हिसा लागत नाही.

पण वाचताना एक मोजणी करा. या वादात बोलणारे किती आणि त्यांतले किल्ल्यात हजर असलेले किती? किल्ल्याच्या आतला एकही साक्षीदार तिथे नाही, कारण आतले जवळपास सगळे मेले. माहिती नसणं हीसुद्धा नोंद आहे. ती वहीत लिहायची असते.

धरणगावचे दोन लेखक

पुढचा मुक्काम जळगाव जिल्ह्यातलं धरणगाव. जेम्स औट्रम नावाचा बावीस वर्षांचा लष्करी अधिकारी १८२५ मध्ये खानदेशात भील पलटण उभी करायला आला. पलटणीचं ठाणं धरणगावला होतं. आधी भिल्लांच्या ठाण्यांवर हल्ले, मग त्यांच्याबरोबर जंगलात शिकार, दारूच्या बैठका, आणि त्यातून पहिले पाच जण भरती झाले, असं औट्रमने स्वतःच सांगितलं आहे. पुढे १८५७ च्या लखनौमुळे तो मोठा झाला. गोल्डस्मिडने लिहिलेलं त्याचं चरित्र १८८० मध्ये आलं, म्हणजे खानदेशाचं गॅझेटियर निघालं त्याच वर्षी. चरित्र म्हणजे नायकाची गोष्ट. तिच्यात ते पाच जण येतात ते नायकाचं धाडस दाखवायला.

याच धरणगावात १८९० मध्ये त्र्यंबक बापूजी ठोमरे जन्मले. आपले बालकवी. १९०७ मध्ये जळगावला कविसंमेलन भरलं, तिथे त्यांना 'बालकवी' ही पदवी मिळाली. अध्यक्ष कोण होते? डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. वनस्पतिशास्त्राच्या मुलांनो, हे तेच 'कीर्तिकर आणि बसू', ज्यांच्या औषधी वनस्पतींच्या ग्रंथाशिवाय आपला एकही प्रबंध पुरा होत नाही. ब्रिटिश लष्कराच्या वैद्यकीय सेवेतला मराठी डॉक्टर, झाडांचा अभ्यासक आणि कवींच्या संमेलनाचा अध्यक्ष. वारसा म्हणतात तो असाही येतो. कोणी लादलेला, कोणी उचलून आपलासा केलेला, आणि पुष्कळदा दोन्ही एकाच गावात.

"दादा, यात आपण कुठे?"

इथपर्यंत सांगून झालं आणि त्या दोघींपैकी एक म्हणाली, "दादा, हे सगळे लोक आपल्या रस्त्याने गेले, आपल्याबद्दल बोलले. यात आपण कुठे?" ती भिल्ल घरातली आहे. मला लगेच उत्तर देता आलं नाही. फिंचच्या काळात वाटेवरचे चोर, औट्रमच्या चरित्रात सुधारलेले शिपाई, गॅझेटियरमध्ये 'जमाती' या प्रकरणातला एक भाग. तीनशे वर्षं वर्णन होतंय, पण आवाज नाही.

मग मी मोबाइलवर एक पान उघडलं. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा नवव्या खंडाचा तिसरा भाग, १९०७, भिल्ली भाषा आणि खानदेशी. त्यात मावची, पावरी, देहवाली असे आपल्याकडचे बोलीप्रकार नमुन्यांसह छापलेले आहेत. सर्वेक्षणाची पद्धत अशी होती: प्रत्येक बोलीत बायबलमधल्या उधळ्या मुलाची गोष्ट, शक्य तिथे एक स्थानिक उतारा, आणि २४१ शब्द-वाक्यांची यादी. सगळीकडे तीच गोष्ट का? तिच्यात तिन्ही पुरुषांची सर्वनामं, बहुतेक विभक्ती आणि तिन्ही काळ येतात म्हणून. विज्ञानाच्या भाषेत सांगायचं तर हा प्रमाणित नमुना. सगळ्या बोली एकाच मापाने मोजता याव्यात म्हणून.

शेजारच्या आजी तिथेच निवडणं निवडत बसल्या होत्या. त्या मुलीने देहवालीतला उतारा अडखळत त्यांना वाचून दाखवला. आजी आधी हसल्या, मग दोन ठिकाणी तिला थांबवून वाक्य बदलून सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "आपल्यासारखंच आहे, पण हे आपलं नाही. अशी गोष्ट कोण सांगतं?" म्हणजे बोलीचा नमुना घेतला गेला, पण त्यात भरायला दिलेली गोष्ट बाहेरची होती. भाषांतर करून देणारा माणूस कोण होता, हेही त्या उताऱ्यातून कळत नाही.

म्हणून सर्वेक्षण फेकून द्यायचं का? अजिबात नाही. ११० वर्षांपेक्षा जुना नमुना समोर आहे आणि तो दुरुस्त करू शकणाऱ्या आजी शेजारी बसल्या आहेत. संशोधकाला आणखी काय पाहिजे? फक्त उशीर करू नका. कागद थांबतो, माणूस थांबत नाही.

तुमच्या वहीसाठी

सहलीला निघण्याआधी प्रत्येक ठिकाणासाठी एक तरी मूळ पान मिळवा आणि छापून बरोबर घ्या. यातली बहुतेक पुस्तकं हक्कमुक्त आहेत, नेटवर आहेत. वहीत चार रकाने आखा: कोणी लिहिलं, कोणासाठी लिहिलं, जागेवर आज काय दिसतं, आणि या पानात कोण बोललेलंच नाही. चौथा रकाना बहुतेक वेळा गावातल्या माणसाशी बोलूनच भरता येतो. त्याची परवानगी घ्या, तारीख लिहा, आणि त्याचे शब्द त्याच्याच बोलीत उतरवा. शुद्ध मराठी करायला जाऊ नका.

मुंबईलाही जरूर जा. पुढेमागे शिष्यवृत्ती मिळाली तर लंडनलाही जा. वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये सगळे कवींचा कोपरा बघतात, तुम्हीही बघा. मग त्याच इमारतीत औट्रमची कबर शोधा. थेम्सच्या काठी त्याचा पुतळाही आहे. तिथे उभे राहाल तेव्हा धरणगावची पलटण आणि ते पहिले पाच जण तुमच्या वहीत असतील, तर त्या पुतळ्याकडे तुम्ही इतर पर्यटकांपेक्षा वेगळ्या नजरेने बघाल.

कॉलेजने आता मुंबईच्या आधी एक दिवस थाळनेरसाठी ठेवला आहे. त्या मुलीने मात्र सहलीची वाट पाहिली नाही. परवा तिचा मेसेज आला. आजींनी सांगितलेली एक गोष्ट तिने रेकॉर्ड केली आहे, १४ मिनिटांची, आणि ती लिहून काढताना एक आवाज देवनागरीत कसा लिहायचा यावर ती अडली आहे. तेवढ्यासाठी ती सर्वेक्षणाच्या त्याच खंडात आपल्या बोलीची उच्चारांवरची टिपणं वाचायला बसली आहे.