कुर्तुब्यात जळाले, पदुआत वाचले

युरोपच्या प्रबोधनाचा धडा शाळेत ठराविक वाटेने जातो. १४५३ साली उस्मानी तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकले, ग्रीक पंडित ग्रंथ घेऊन इटलीला पळाले आणि युरोप जागा झाला. उर्दूत ‘नशात-ए-सानिया’ शिकवतानाही मांडणी हीच. म्हणजे या कथेत मुसलमानाचे काम एवढेच : शहर जिंकणे. वास्तविक फ्लॉरेन्समध्ये क्रिसोलोरास हा ग्रीक पंडित १३९७ पासूनच शिकवत होता.

पदव्युत्तर पातळीवर या काळाचा अभ्यास करू लागले की चित्र बदलते. पदुआच्या विद्यापीठात वैद्यकासाठी इब्न सीनाचा ‘अल्-कानून’ नेमलेला होता. त्याचे लॅटिन भाषांतर सुधारण्यासाठी आंद्रेआ अल्पागो या वैद्याने दमास्कसमधील दीर्घ वास्तव्यात अरबी हस्तलिखिते धुंडाळली. ते काम १५२७ साली व्हेनिसला छापले गेले. अ‍ॅरिस्टॉटल शिकायचा तर इब्न रुश्दच्या भाष्यांसह. त्याला नुसते ‘भाष्यकार’ म्हटले की पुरे. व्हेनिसच्या जुंता छापखान्याने १५५० ते १५५२ या काळात ही भाष्ये अ‍ॅरिस्टॉटलसह खंडाखंडाने छापली. राफाएलच्या ‘अथेन्सचे विद्यापीठ’ या व्हॅटिकनमधील भित्तिचित्रात फेटा बांधलेला पुरुष आहे, तो इब्न रुश्दच मानला जातो.

विरोधही होता. पेत्रार्कला अरब विद्वानांचा तिटकारा होता. मधले अरबी दुवे टाळून थेट ग्रीकांकडे जावे, हा आग्रह अनेक मानवतावाद्यांनी धरला. आपल्या शालेय धड्यातील विस्मरणाचे एक मूळ तिथे आहे.

पण सगळा दोष युरोपच्या पदरात टाकून चालणार नाही. इब्न रुश्द (११२६–११९८) हा कुर्तुब्याचा काझी. त्याचा ‘बिदायतुल मुज्तहिद’ हा फिक्हचा ग्रंथ आपले आलिम आजही आदराने वाचतात. त्याच इब्न रुश्दला ११९५ मध्ये खलिफाच्या हुकमाने हद्दपार केले गेले, त्याची तत्त्वज्ञानाची पुस्तके जाळली गेली. पुढे खलिफाने त्याला परत बोलावले. पण तत्त्वज्ञ म्हणून त्याचे खरे वाचक मिळाले ते यहुदी आणि ख्रिस्ती.

प्लेटोच्या ‘रिपब्लिक’वरील त्याच्या भाष्याची मूळ अरबी प्रत आज उपलब्ध नाही. चौदाव्या शतकातील हिब्रू भाषांतरामुळे ते टिकले. याकोब मान्तिनो या यहुदी वैद्याने त्याचे केलेले लॅटिन भाषांतर १५३९ साली छापले गेले. त्यात इब्न रुश्द म्हणतो की, स्त्री-पुरुषांचा स्वभाव मुळात एकच आहे; स्त्रियांना केवळ बाळंतपण आणि संगोपन यांत अडकवल्याने त्यांची कर्तबगारी दिसत नाही, आणि शहरांच्या दारिद्र्याचे हेही एक कारण आहे. बाराव्या शतकातल्या एका काझीचे हे म्हणणे !

‘युरोपला आम्ही शिकवले’ असे जलशांतून सांगताना आपली छाती फुगते. मग आपल्याच काझीचे हे वाक्य आपल्याला हिब्रूतून का परत घ्यावे लागते, हेही त्याच व्यासपीठावरून विचारले पाहिजे. ज्याच्या नावाचा अभिमान बाळगायचा, त्याचे म्हणणे आपल्या मुलींच्या शिक्षणापर्यंत पोहोचू द्यायचे की नाही, हे आपणच ठरवायचे आहे.