मुंजा, हडळ आणि डाकीण : वऱ्हाडातील भुतांचा इतिहास

वाशीम जिल्ह्यातील मानोरा तालुका महाराष्ट्राला ठाऊक आहे तो पोहरादेवीमुळे. जगदंबेचे मंदिर, संत सेवालाल महाराजांची समाधी, रामनवमीची यात्रा आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये खुले झालेले बंजारा विरासत संग्रहालय ही या गावाची आजची ओळख. देशभरातील बंजारा समाज त्याला आपली काशी मानतो. मात्र वऱ्हाडातील बंजारा तांड्यांविषयी जे जुने लेखन उपलब्ध आहे, त्यात देवांच्या बरोबरीने आणखी एका शक्तीचा उल्लेख येतो. तिचे नाव डाकीण. मराठी भूतसृष्टीत तिचे स्थान सर्वांहून निराळे का होते, हे समजण्यासाठी आधी बाकीच्या भुतांची ओळख करून घ्यावी लागते.

मराठी लोकसमजुतीतील भूत सहसा अनामिक नसते. त्याला जात असते, लिंग असते, राहण्याची जागा असते आणि मृत्यूचे कारणही असते. मुंज झाली, पण सोडमुंज होण्यापूर्वीच जो मुलगा वारला, तो मुंजा. त्याचा मुक्काम पिंपळावर. बाळंतपणात दगावलेली स्त्री अळवंत किंवा हडळ होते. निपुत्रिक मेलेला, धनावर जीव अडकलेला ब्राह्मण समंध होऊन पुरलेल्या द्रव्याची राखण करतो. खवीस हे मुसलमानाचे किंवा सिद्दीचे भूत मानले जाई, आणि तो शब्दही अरबीतील ‘खबीस’ म्हणजे ‘दुष्ट’ या शब्दावरून आलेला आहे. नदीच्या डोहात आणि विहिरीत सात आसरा राहतात. हे नाव ‘अप्सरा’चेच बदललेले रूप. अरुणावतीसारख्या नदीच्या काठी वसलेल्या मुलखात विहिरीजवळ शेंदूर लावलेले सात दगड दिसले, तर ते कोणाचे हे कोणाला विचारावे लागत नाही.

या सर्वांचा राजा वेताळ. ‘कथासरित्सागर’ या अकराव्या शतकातील संस्कृत ग्रंथात वेताळाच्या पंचवीस कथा आहेत, आणि त्यांतील राजा गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा आहे. ग्रंथातला वेताळ प्रेतात शिरून कोडी घालतो. गावशिवेवरचा वेताळ मात्र शेंदूर फासलेला दगड होऊन राखण करतो. दोघांचे नाव एक, व्यवसाय वेगळे.

ही भुते मोल्सवर्थच्या १८३१ च्या मराठी-इंग्रजी कोशात आली. त्यांच्याविषयीच्या समजुतींचे पद्धतशीर संकलन पुढे ब्रिटिश अधिकाऱ्यांनी केले. मुंबई इलाख्यातील शाळामास्तरांकडे प्रश्नावली पाठवून लोकसमजुती गोळा करणाऱ्यांत ए. एम. टी. जॅक्सन हे प्रमुख होते. हेच ते नाशिकचे कलेक्टर, ज्यांना २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे यांनी गोळ्या घातल्या. त्यांच्या मागे राहिलेल्या सामग्रीवरून आर. ई. एन्थोवेन यांनी कोकणच्या लोकसमजुतींचा ग्रंथ १९१५ मध्ये सिद्ध केला. क्रांतिकारकांच्या इतिहासातील एक नाव मुंज्या-हडळींच्या इतिहासातही भेटावे, हे विलक्षणच.

या यादीकडे पुन्हा एकदा पाहिले, तर एक गोष्ट लक्षात येते. मुंजा, हडळ, समंध, खवीस हे सारे मृत आहेत, आणि प्रत्येकाच्या मागे एक अपुरे राहिलेले आयुष्य आहे. म्हणूनच त्यांच्यावर उपाय होते : श्राद्ध, नारळ, कोंबडे, उतारा, पिंपळाखालचा पार. भुताचे देणे फेडले की ते शांत होते, अशी ही व्यवस्था. बाळंतपणात मेलेल्या सुनेला जिवंतपणी जे मिळाले नाही, ते हडळ झाल्यावर खणानारळाच्या रूपाने मिळे.

डाकीण मात्र जिवंत असे. ती शेजारच्या झोपडीत राहणारी, पाणी भरणारी, नावागावाची बाई असे. संस्कृत ‘डाकिनी’वरून हा शब्द आला. वज्रयान बौद्ध परंपरेत डाकिनी साधकाला ज्ञान देणारी पूज्य देवता आहे. लोकभाषेत उतरताना तिचे मूल खाणारी, दृष्ट लावणारी बाई झाली. हे केवळ बंजारा समाजातच घडले असे मुळीच नाही. चेटकीण म्हणून बाईकडे बोट दाखवण्याची रीत कोकणापासून झाडीपट्टीपर्यंत अनेक जातीजमातींत होती. तांड्यांतील रीत कागदावर आली, कारण ती लिहून ठेवणारा पोलीस होता.

वऱ्हाड पोलीस दलातील कंबर्लेज नावाच्या अधिकाऱ्याचे बंजारांवरील टिपण १८६९ च्या सुमारास लिहिले गेले आणि १८८२ मध्ये पुन्हा छापले गेले, असे मानतात. रसेल आणि रायबहादूर हीरालाल यांनी १९१६ च्या आपल्या ग्रंथात बंजारांवरील प्रकरण मुख्यतः त्याच्याच आधारे लिहिले. त्यातील हकिकत अशी : तांड्यात आजार वा मृत्यू ओढवला की नाईक आणि इतर मंडळी दूरच्या भगताकडे जात. पण भगतावर लगेच विश्वास ठेवत नसत. दुसऱ्याच कोणाला नाईक म्हणून पुढे करत, एखादी वस्तू वाटेत लपवून ठेवत, आणि हे सारे भगताने अचूक ओळखले तरच त्याचा शब्द मानत. तो शब्द म्हणजे एका बाईचे नाव. तिला मारण्याचे काम तिच्याच जवळच्या नातलगांकडे येई.

भगताची परीक्षा होत होती; जिच्यावर आरोप ठेवला, त्या बाईला परीक्षेची संधीसुद्धा नव्हती.

हे टिपण वाचताना ते कोणी आणि कधी लिहिले, हेही पाहिले पाहिजे. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहून नेणारी ‘लदेणी’ हा बंजारांचा पिढीजात व्यवसाय. वऱ्हाडातून जाणारी रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोचली आणि त्या व्यवसायाचा आधारच गेला. तांडे स्थिर होऊ लागले, भुकेले राहू लागले आणि पोलिसांच्या नजरेत भरू लागले. १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा आला. आधी उत्तरेत लागू झालेला हा कायदा १९११ नंतर सर्वत्र पसरला, आणि बंजारांच्या काही गटांवर त्याने जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारला. तो रद्द झाला १९५२ मध्ये. तांड्याने एखाद्या बाईला जसे पुराव्याशिवाय डाकीण ठरवावे, तसेच सरकारने अख्ख्या तांड्याला चोर ठरवले होते. कंबर्लेज यांना पहिली गोष्ट स्पष्ट दिसली. त्यांच्या खात्याला दुसरी दिसली नाही.

महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा डिसेंबर २०१३ मध्ये संमत झाला. त्यासाठी वर्षानुवर्षे झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात खून झाला होता. या कायद्याने भुतावर विश्वास ठेवणे गुन्हा ठरवलेले नाही. पिंपळावरचा मुंजा आणि डोहातल्या आसरा त्याच्या कक्षेबाहेरच राहिल्या. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला दोराने बांधणे, काठीने मारणे, मिरचीची धुरी देणे, आणि अमुक एक व्यक्ती करणी करते असे जाहीर करून तिचे जगणे अशक्य करणे, हे मात्र गुन्हे झाले. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, शिवाय पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड.