दुसऱ्या खुर्चीचा अधिकार

२६ मार्च २००२ रोजी संसदेच्या दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक भरली. स्वतंत्र भारतातली ही जेमतेम तिसरी. विषय होता दहशतवादविरोधी ‘पोटा’ कायद्याचा. वाजपेयी सरकारला तो हवाच होता, काँग्रेसचा त्याला कडवा विरोध होता. आणि अध्यक्षस्थानी होते लक्षद्वीपचे पी. एम. सईद, म्हणजे काँग्रेसचेच खासदार. लोकसभेचे अध्यक्ष जी. एम. सी. बालयोगी ३ मार्चला हेलिकॉप्टर अपघातात गेले होते. त्यामुळे उपाध्यक्ष सईद यांच्यावर ही जबाबदारी आली. विधेयक ४२५ विरुद्ध २९६ मतांनी संमत झाले. १० मे रोजी मनोहर जोशी अध्यक्ष झाले, तोवर लोकसभेची धुरा सईद यांच्याकडेच राहिली.

एरवी उपाध्यक्षाचे नावही पटकन आठवत नाही. या पदाचा इतिहास पाहिला, तर त्याचे वजन दिसते ते वरची खुर्ची रिकामी झाल्यावर, किंवा तिच्यावर बसलेल्या माणसावरच आरोप झाल्यावर.

ब्रिटनच्या कॉमन्स सभागृहाला ही सोय उशिराच सुचली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत स्पीकर आजारी पडला की कामकाजच थांबे. १८५३ मध्ये अर्थविषयक समितीच्या अध्यक्षाला स्पीकरच्या गैरहजेरीत सभागृह चालवण्याची मुभा मिळाली आणि १८५५ मध्ये तसा कायदा झाला. भारतात हे पद १९१९ च्या सुधारणा कायद्यातून आले. १९२१ मध्ये केंद्रीय विधिमंडळाचे अध्यक्ष फ्रेडरिक व्हाइट सरकारने नेमलेले होते, उपाध्यक्षपदी मात्र सच्चिदानंद सिन्हा हे भारतीय होते. हेच सिन्हा डिसेंबर १९४६ मध्ये संविधान सभेच्या पहिल्या बैठकीचे हंगामी अध्यक्ष झाले.

संविधानाने उपाध्यक्षाला अध्यक्षाचा हाताखालचा माणूस केले नाही. दोघांनाही सभागृहच निवडते. अध्यक्षाने राजीनामा उपाध्यक्षाकडे द्यायचा, उपाध्यक्षाने अध्यक्षाकडे. अध्यक्षाला हटवण्याचा ठराव चर्चेला आला, तर त्या वेळी अध्यक्षाने पीठासीन व्हायचे नाही, हेही कलम ९६ मध्ये स्पष्ट आहे. त्याची कसोटी लवकरच लागली. गणेश वासुदेव मावळंकर लोकसभेचे पहिले अध्यक्ष. १८ डिसेंबर १९५४ रोजी त्यांच्याविरुद्ध असा ठराव आला, तेव्हा पीठासीन होते उपाध्यक्ष अनंतशयनम अय्यंगार. ठराव फेटाळला गेला. १९५६ मध्ये मावळंकरांचे निधन झाल्यावर अय्यंगारच अध्यक्ष झाले.

१९६९ चा जुलै त्याहून खळबळीचा. १९ तारखेला बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा अध्यादेश निघाला आणि त्याच दिवशी नीलम संजीव रेड्डी यांनी राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवण्यासाठी अध्यक्षपद सोडले. काँग्रेस फुटीच्या उंबरठ्यावर होती. अशा वेळी लोकसभा चालवण्याचे काम महाराष्ट्रातल्या खेडचे खासदार र. के. खाडिलकर यांच्याकडे आले. ८ ऑगस्टला गुरदयालसिंग धिल्लाँ निवडून येईपर्यंत ते त्यांनी पाहिले.

उपाध्यक्षपद विरोधकांना द्यावे, असे संविधानात कुठेही लिहिलेले नाही. पण १९९० पासून तसा प्रघात रुळला. विश्वनाथ प्रताप सिंग पंतप्रधान असताना लातूरचे काँग्रेस खासदार शिवराज पाटील उपाध्यक्ष झाले, पुढच्याच वर्षी अध्यक्षही. मग नरसिंह राव यांच्या काळात भाजपचे मल्लिकार्जुनय्या, वाजपेयींच्या काळात सईद, मनमोहन सिंग यांच्या काळात अकाली दलाचे चरणजितसिंग अटवाल आणि भाजपचे करिया मुंडा. २०१४ मध्ये हे पद अण्णा द्रमुकच्या एम. थंबीदुराई यांच्याकडे गेले. त्यांचा पक्ष सत्तेत नव्हता, पण सरकारशी त्याचे फारसे वाकडेही नव्हते.

महाराष्ट्रात या पदावरून थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढाई गेली. फेब्रुवारी २०२१ मध्ये नाना पटोले यांनी विधानसभेचे अध्यक्षपद सोडले आणि ते सव्वा वर्षाहून अधिक काळ रिकामे राहिले. कारभार उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांच्याकडे होता. जून २०२२ मध्ये एकनाथ शिंदे यांच्या बंडानंतर त्यांनी १६ आमदारांना अपात्रतेच्या नोटिसा काढल्या. बंडखोरांनी झिरवाळ यांच्याच हटवणुकीची नोटीस दिली होती. ज्याला हटवण्याची नोटीस प्रलंबित आहे त्याने अपात्रता ठरवू नये, या २०१६ च्या नबाम रेबिया निकालावर त्यांची भिस्त होती. न्यायालयाने २७ जूनला आमदारांना उत्तरासाठी १२ जुलैपर्यंत मुदत वाढवून दिली आणि तेवढ्यात सरकारच पडले. ३ जुलैला राहुल नार्वेकर यांना अध्यक्ष निवडणारे कामकाज झिरवाळ यांनीच चालवले. नबाम रेबियाचा प्रश्न मे २०२३ मध्ये घटनापीठाने सात न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला. तिकडे विधान परिषदेत जुलै २०२२ मध्ये रामराजे नाईक निंबाळकर यांची मुदत संपली आणि डिसेंबर २०२४ मध्ये राम शिंदे सभापती होईपर्यंत उपसभापती नीलम गोऱ्हे यांनीच सभागृह सांभाळले.

मुंबईत उपाध्यक्षावरून असा संघर्ष पेटला असताना दिल्लीत ते पदच रिकामे होते. कलम ९३ म्हणते, सभागृहाने ‘शक्य तितक्या लवकर’ अध्यक्ष आणि उपाध्यक्ष निवडावेत. त्यासाठी तारीख मात्र बांधून दिलेली नाही. १७व्या लोकसभेने, २०१९ ते २०२४, उपाध्यक्ष न निवडताच मुदत पूर्ण केली. असे पूर्वी कधी झाले नव्हते. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याबद्दल केंद्राला नोटीस काढली. त्याच याचिकेत पाच राज्यांच्या विधानसभांमधल्या रिकाम्या उपाध्यक्षपदांचाही प्रश्न होता.