पगाराआधीचे दिवस आणि वाण्याची वही

महिनाअखेरीस वाण्याकडून उधारीवर किराणा आणणे हे कामगाराच्या उधळेपणाचे लक्षण होय, असे मत पुष्कळदा मांडले जाते. कल्याणपलीकडील उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर या पट्ट्याचा इतिहास पाहता ते मान्य करणे कठीण जाते.

बदलापुरावरून १८५६ पासून आगगाडी धावत असली, तरी मासिक वेतनावर जगणारी मोठी वस्ती येथे वाढली ती विसाव्या शतकात. अंबरनाथला १९२० नंतरच्या दशकात विमकोचा काडेपेट्यांचा कारखाना निघाला. स्वातंत्र्योत्तर काळात तेथे शस्त्रनिर्मितीचा व शहाडला रेयॉनचा कारखाना उभा राहिला. १९३६ च्या वेतनप्रदान कायद्यानुसार हजाराहून कमी कामगार असल्यास महिना संपल्यापासून सात दिवसांत, अन्यथा दहा दिवसांत पगार देणे बंधनकारक होते. म्हणजे मोठ्या कारखान्यात १ जानेवारीस केलेल्या श्रमाचे दाम १० फेब्रुवारीस हाती पडले, तरी ते कायदेशीरच! हे चाळीस दिवस कामगार हाच मालकाचा धनको होता. मधल्या काळातील त्याच्या घरची चूल वाण्याच्या भांडवलावर पेटे. नवागताची स्थिती सर्वांत बिकट. त्याचे खाते उघडावयास गाववाल्याची हमी लागे. राजकीय मजूर आयोगाने १९३१ च्या अहवालात बहुतेक औद्योगिक केंद्रांतील किमान दोन-तृतीयांश कुटुंबे कर्जात असल्याचे नोंदवून वेतनाची मुदत कमी करण्याची शिफारस केली होती. तथापि १९३६ च्या कायद्याने कमाल मुदत महिन्याचीच ठेवली.

पगारापूर्वी एकदोन दिवस किराणादुकानात चेक द्यावयाचा आणि तो वटण्याआधी खात्यात पगार जमा होईल असा हिशेब करावयाचा, ही अमेरिकेतील पगारदाराची परिचित युक्ती होती. येथे तिला वावच नव्हता. उक्त कायद्याने वेतन नाण्यांत वा चलनी नोटांतच देण्याचे बंधन घातले होते. कामगाराच्या लेखी संमतीने चेकची मुभा मिळाली ती १९७६ च्या दुरुस्तीने. मौज अशी की, भावी तारखेस रक्कम देण्याचे वचन या भूमीस नवे नव्हते. १९४९ साली कल्याण छावणीचे उल्हासनगर झाले, तेथे वसलेल्या सिंधी निर्वासितांच्या समाजातील शिकारपुरी सराफ मुंबईच्या बाजारात मुद्दती हुंडीचा व्यवहार पूर्वापार करीत आले होते. परंतु हुंडी व्यापाऱ्याची. गिऱ्हाइकाच्या वाट्यास केवळ वही.

शब्दही हा भेद सांगतात. ‘धनादेश’ हा आदेश आहे. तो काढणाऱ्याचा पैसा अन्यत्र आहे असे तो गृहीत धरतो. ‘उधार’ हा संस्कृत ‘उद्धार’ या शब्दाचा तद्भव. मुळातही त्यास ऋणाचा अर्थ होता. मात्र तत्सम रूपाकडे तारण्याचा अर्थ राहिला आणि तद्भवाकडे देणे! वहीतील नोंद वाणी करी, बेरीजही तोच मांडी. वाढीव आकडा खोडून काढावयास कामगाराजवळ बहुधा स्मरणावाचून पुरावा नसे. उलट, पगार लांबल्यास वाणी ओळ पुढील महिन्यावर ओढी, क्वचित चार शब्द सुनावी. प्रकरण तेथेच मिटे.

चेकच्या बाबतीत तसे घडत नाही. १८८१ च्या पराक्राम्य संलेख अधिनियमात १९८८ साली दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९८९ पासून, देणे फेडण्यासाठी दिलेला चेक खात्यात पुरेशी रक्कम नसल्याने परत गेला व नोटीस मिळूनही मुदतीत पैसे दिले नाहीत, तर तो फौजदारी गुन्हा ठरला. पगार कोणामुळे लांबला, हा प्रश्न त्या कलमात येत नाही.