सकळ म्हणजे कोण कोण?

संतांनी आपल्या हाती एक शब्द दिला, सकळ. आम्ही चौथी शिकलेले शेतकरी, पण कीर्तनाच्या निमित्ताने हा शब्द चाळीस वर्षं तोंडात घोळवीत आलो. अर्थ सोपा आहे, सगळे. अवघड आहे ते त्याचं माप. ते घ्यायला आम्ही श्रोत्यांना पंढरीच्या महाद्वारात नेतो.

पहिली पायरी नामदेवरायांची. जातीचे शिंपी, पण पंजाबापर्यंत गेले. घुमान गावी त्यांचं स्थान आहे, शिखांच्या ग्रंथसाहेबात त्यांची 61 पदं आहेत. मुलूख निराळा, बोली निराळी, तरी तिथल्या लोकांनी त्यांना आपलं मानलं. इथं सकळ खरं झालं.

त्याच पायरीसमोर चोखोबांची समाधी. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली, त्यात ते गेले. साल 1338. नामदेवरायांनी अस्थी पंढरीला आणल्या असं परंपरा सांगते. आणल्या, पण दाराबाहेरच. सोयराबाईंनी, कर्ममेळ्याने अभंगांतून थेट देवालाच जाब विचारला. कर्ममेळा तर रोकडं बोलतो, ऐकताना आजही मान खाली जाते. आपण त्यांचे अभंग गात राहिलो आणि त्यांची माणसं बाहेर उभी राहिली, सहाशे वर्षं. तोंडाने सकळ म्हणायला काय लागतं?

मग साने गुरुजी आले. आधी गावोगाव हिंडले, विहिरी आणि देवळं खुली करा म्हणून सांगत. 1947 च्या मे महिन्यात पंढरीत तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले. विरोध करणारेही विठ्ठलाचंच नाव घेत होते, हे लपवून उपयोग नाही. दहाएक दिवसांनी बडवे मंडळी कबूल झाली. स्वातंत्र्याला तेव्हा तीन महिने उरले होते.

आता घरचं. जुनी माणसं सांगत, आपल्या दिंडीतही पूर्वी चुली दोन आणि पंगती दोन. वाटेने सगळे एकमेकांच्या पाया पडायचे, माउली म्हणायचे, आणि पत्रावळी मांडल्या की माउलीची जात निघायची. एका वारीत मुक्कामावर पाऊस असा कोसळला की एक चूल विझली ती विझलीच. त्या रात्री सगळे एका ओळीत जेवले आणि पुढं ते तसंच राहिलं. ज्ञानाने झालं का पावसाने, पांडुरंगाला ठाऊक.

पंगत एक झाली. वीणा मात्र अजून दोनच घराण्यांत फिरते. शंभर वर्षांच्या विणेकऱ्यांची यादी याच अंकात पुढं छापली आहे, ती सर्वांनी वाचावी.